रुक्माक्काचा बुडण्याचा तास

रुक्माक्का,

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचाय. मी हल्ली घरात कुणाशी बोलत नाही, अशी यांची तक्रार आहे. ती काही खरी नाही. मी दिवसभर बोलत असते, पण तुझ्याशी, आणि तेही भांडते. आपल्याला दुसरं काही कधी जमलंच नाही. फरक इतकाच, की माझं वाक्य संपायच्या आत माझ्या अंगावर धावून येणारं आता कुणी नाही. सगळी भांडणं मीच जिंकते आणि मग मोरीत जाऊन रडते.

नात्यानं तू माझी कुणी नव्हतीस, म्हणून मला तुझं सुतक नाही. तुझ्या भावाच्या घरी दहा दिवस देवपूजा बंद होती, माणसं खाली मान घालून बसली होती. मी मात्र तिसऱ्या दिवशी बाजारात जाऊन भेंडी आणली, तिन्हीसांजेला दिवा लावला, आणि शेजारणीच्या नातवाच्या बारशाला जाऊन घुगऱ्याही खाऊन आले. कुणी विचारलंच नाही, तर सांगू काय? सुतक असतं तर बरं झालं असतं. निदान कोपऱ्यात बसायची परवानगी तरी मिळाली असती.

तुझी-माझी ओळख तलावाच्या फाटकावरची. यांची मद्रासला बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून नुंगंबाक्कमला येऊन पडलो. मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. यांच्या कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं, की मागच्या रस्त्याला एका साहेबाच्या बंगल्यात पोहायचा तलाव आहे. साहेब आपल्या देशी गेला, आता बँकेतले, कॉलेजातले, कचेऱ्यांतले लोक वर्गणी काढून तिथं क्लब चालवतात. हे सभासद झाले. मी पहिल्यांदा बघायला म्हणून गेले, तर फाटकाशी एक उंच, सावळी बाई क्लबच्या सेक्रेटरींशी तमिळमध्ये भांडत होती. तमिळ संपलं तशी इंग्रजीत भांडली. शेवटी तोंड फिरवून स्वतःशीच म्हणाली, "मेल्याचें डोकें अहे कीं दगड अहे!"

मी फस्सकन हसले. तू वळून माझ्याकडे पाहिलंस.

"तुम्हांला कळलें?"

"कळलं की. दगडच आहे," मी म्हटलं.

मग त्या बिचाऱ्या सेक्रेटरींना तिथंच सोडून तू माझा हात धरलास, आणि मी कुठली, कुणाची, सांबारात गूळ घालते का, हे सगळं उभ्या उभ्या विचारून घेतलंस. तंजावरच्या मराठ्यांबद्दल मी ऐकून होते, पण तुमची बोली कानावर पहिल्यांदाच पडत होती. जुन्या पोथीतलं कुणी उठून बोलायला लागावं, आणि मध्येच त्यानं तमिळमध्ये रिक्षावाल्याला हाक मारावी, तशी ती वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं. तू अजिबात रागावली नाहीस. "आमचें मराठी राजांबरोबर आलेलें," म्हणालीस, "तुमचें काल परवाचें. लेकरूं अहे अजून, बोबडें बोलणारच."

तू भांडत होतीस ते बायकांच्या तासासाठी. सभासद पुरुष, आणि आपण 'सभासदांचं कुटुंब'. काठावर बसून लिंबाचं सरबत प्यायची आपल्याला मुभा होती. तू तर कुणाचं कुटुंबही नव्हतीस, भावाच्या नावावर येणारी शाळेतली गणिताची बाई. पण तंजावरला घरच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली तू काठावर कशी बसणार? शेवटी त्यांनी शनिवारी दुपारी तीन ते चार हा तास दिला, म्हणजे जेवून पुरुषांना झोप येते तेव्हाचा. अट घातली ती मात्र मोठी शहाणपणाची. बायका पोहताना आत पुरुष नको, म्हणून चारी बाजूंनी झावळ्यांचे तट्टे उभे करायचे. आणि आत पुरुष नाही म्हणजे वाचवायला कुणी नाही, म्हणून लाइफ सेव्हिंगची परीक्षा पास झालेली एक बाई काठावर हवीच. ती नसेल त्या शनिवारी तास नाही. अशी बाई मद्रासेत जन्मायची आहे, असा त्यांचा हिशेब होता.

तू परीक्षा दिलीस. छत्रीच्या काळ्या कापडाचा, कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्याखाली तुमान असलेला पोशाख तू स्वतः मशीनवर शिवलास, कारण दुकानातला पोशाख बघून आपल्यातल्या दोघींनी तिथंच डोळे झाकून घेतले होते. परीक्षेसाठी तळाशी टाकलेली वीट बुडी मारून काढून आणलीस आणि ती सेक्रेटरींच्या पॉलिश केलेल्या बुटांवर ठेवलीस. नंतर आम्हां सगळ्यांना तसलेच पोशाख शिवून दिलेस. पाण्यात उतरलो की हवा भरून ते असे फुगायचे, की तलावात छत्र्याच उघडल्यासारख्या वाटायच्या.

पाण्यात पहिल्याच दिवशी तू मला बजावलंस, "इथें तुम्ही-अहो नको. बुडताना कोण अहो म्हणतो?" तू माझ्याहून मोठी, पण तेव्हापासून अक्का आणि तू.

आणि तेव्हापासूनच आपलं ते भांडणही सुरू झालं. मी पोहायला शिकले, चांगली लांबवर पोहायला शिकले, पण डोकं पाण्याबाहेर काढून. माझं डोकं पाण्याखाली जात नाही. कानात पाणी शिरलं की माझा जीव घाबरा होतो, काळोख होतो, छातीत धडधडतं. तू म्हणायचीस, "म्हैस पोहते तशी पोहतेस गे तूं. मान काय काचेची अहे? डोकें भिजलें तर विरघळणार न्हवेस." मी म्हणायचे, म्हशीला काय कमी आहे? पोचते ना पलीकडे?

पण तुला मी नुसती पलीकडे पोचून चालणार नव्हतं. परीक्षा पास झालेली बाई एकच, हा एकखांबी तंबू तुला डाचत होता. "मी मेलें तर?" तू विचारायचीस. "तर आम्ही सुटलो!" मी म्हणायचे, आणि सगळ्या खो खो हसायच्या. तूसुद्धा हसायचीस.

तुझ्या त्या बुडण्याच्या खेळाबद्दल मी यांना कितीदा सांगितलं, तरी यांना तो कधी नीट कळला नाही. तास संपत आला, बायका दमून गप्पांना बसल्या, की तू गुपचूप खोल कडेला जायचीस, हात वर फेकायचीस आणि बुडायचीस. मग कुणीतरी तुला काढायचं. काढायला जाणारीची तू अशी काही दशा करायचीस! मानेला मिठी काय मारायचीस, वेणी काय ओढायचीस, लाथा काय झाडायचीस. पंकजम, ती टेलिफोन ऑफिसातली नवीन लग्न झालेली पोर, एकदा रडतच वर आली. तू तिला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "बुडत्याला काडीचा आधार पुरतो म्हणतात. मग तुझी एवढी जाड मान मिळाली तर तो सोडील काय?" खरा बुडणारा कुणावर दया करत नाही, म्हणून आपणही करायची नाही, हा तुझा नियम होता. आणि दुसरा नियम माझ्यासाठी: मालती येईल तेव्हा मी वर राहणार नाही, तळाशी बसेन. तिला हवी असेन तर तिनं खाली यावं.

मी कधीच आले नाही. दर वेळी दम संपला की तू आपली आपण वर यायचीस, तोंडातलं पाणी माझ्यावर उडवायचीस आणि म्हणायचीस, "मेलें की गे मी! तुझ्या पापानें मेलें!"

हे सगळं लिहिताना मला हसू येतंय, आणि हसू आल्याचा संताप येतोय.

तू नुसती तलावातली अक्का नव्हतीस, हेही सांगायला हवं. यांना टायफॉइड झाला तेव्हा शाळा सुटली की तू परस्पर आमच्याकडे यायचीस. डॉक्टरांशी तमिळमध्ये बोलायचीस, मला त्यातलं निम्मंच सांगायचीस आणि उरलेलं स्वतःच्या पोटात ठेवायचीस. मी झोपावं म्हणून रागवायचीस. हे बरे झाले त्या दिवशी तू आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलीस आणि पहिल्यांदाच म्हणालीस, "भ्यालें होतें गे." तेव्हा मला कळलं, की निम्मं काय राहिलं होतं. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. तू मानूच दिले नसतेस.

आता तो शनिवार.

त्या दिवशी आपण बोलत नव्हतो. म्हणजे मी बोलत नव्हते. मला न विचारता तू सेक्रेटरींकडे माझं नाव परीक्षेसाठी देऊन आली होतीस. मी चिडले. इतकी वर्षं नाही म्हणतेय ते काय उगीच? तू म्हणालीस, "नांव दिलें तर काय जीव दिला?" मी पाण्यातून बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून राहिले. तू मग पोहायला गेलीस. पोहतानाही नेहमीसारखी पोहत नव्हतीस, मध्ये कठड्याला धरून थांबत होतीस. माझा राग निवळायची वाट बघत्येय, असं मला वाटलं.

तास संपत आला, आणि खोल कडेला तू एक हात वर केलास. एकच. आणि खाली गेलीस.

"आज मी हलणार नाही," मी मोठ्यानं म्हटलं. "बसू दे तिला खाली." बायका हसल्या. आम्ही वाट पाहिली. एरवी तू येतेस त्याहून थोडं जास्तच झालं, तेव्हा पंकजम मला म्हणाली, "मामी, आज अक्का तुमच्यासाठीच थांबलीय. तुम्ही गेल्याशिवाय वर यायची नाही." सगळ्यांनाच ते पटलं. मलाही पटलं. तुला ओळखणाऱ्या कुणालाही पटलं असतं. दुसऱ्या कुठल्या तलावावर बाई खाली गेली असती तर माणसं ओरडली असती. आपल्याकडे सगळ्या हसल्या.

मी उडी मारली ती रागानं. डोळे मिटले आणि डोकं खाली घातलं. कान भरले, काळोख झाला, सगळं जसं होणार म्हणून मी भीत आले होते तसंच झालं, आणि तरी मी खाली जात राहिले. तुझी बाही हाताला लागली. ती ओढली आणि तुला वर आणलं.

तू माझी मान धरली नाहीस. वेणी ओढली नाहीस. केळीचा खांब पाण्यावर यावा तशी अलगद आलीस. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ही खूष झाली. मी बुडी मारली म्हणून आज पहिल्यांदा माझ्यावर दया करत्येय. तू शिकवलंस तशी तुझी हनुवटी धरून मी उताणी पोहत निघाले आणि सगळी वाट बोलत राहिले. "पाहिलंस ना? मारली ना बुडी? आता म्हैस म्हणशील? बरं, जाते बाई तुझ्या त्या परीक्षेला, जाते एकदाची!" बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. काठ हाताला लागेपर्यंत टाळ्या चालू होत्या.

डॉक्टर भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, पोटात पाणी नव्हतं. हृदय बंद पडलं ते हात वर केला तेव्हाच. तुम्ही लगेच गेला असतात तरी काही उपयोग नव्हता. मला धीर यावा म्हणून सांगितलं त्यांनी. पण त्याचा अर्थ घरी येऊन डोक्यावरून पाणी घेताना माझ्या ध्यानात आला. इतकी वर्षं जी बुडी मारावी म्हणून तू माझ्या मागं लागलीस, ती मी मारली, आणि ती तू पाहिली नाहीस. परीक्षेला जाते म्हटलं, तेही ऐकलं नाहीस. मी कुणाशी बोलत होते, अक्का?

तुझ्या भावाला विचारलं, तिला काही त्रास होता का. ते म्हणाले, "पोंगल झाल्यापासून जिना चढताना थांबत होती. विचारलें तर चप्पल चावते म्हणून सांगलें." चप्पल चावते! मुलींच्या उत्तरपत्रिकेतली अर्ध्या गुणाची लबाडी पकडणारी तू, आणि घरच्यांना ही थाप! तुला माहीत होतं का? माहीत होतं म्हणून नाव देऊन आलीस का? माहीत होतं तर मला सांगायला काय झालं होतं? मी भांडले नसते. खोटं कशाला बोलू, भांडले असते. पण परीक्षा दिली असती गं.

दहावं-तेरावं झाल्यावर क्लबकडून निरोप आला. परीक्षा पास झालेली बाई नसल्यामुळे शनिवारचा तास बंद. मी भेटायला गेले तर सेक्रेटरी खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हातारा खरोखर हळहळत होता, उगीच नावं ठेवणार नाही. म्हणाला, कमिटीनं एक मार्ग काढलाय. तुम्ही खोल पाण्यातून माणूस बाहेर काढलेलं सगळ्या बायकांनी पाहिलंय. तीच तुमची परीक्षा समजू. सर्टिफिकेट देतो, तास सुरू करा.

तुझा आवाज मला लगेच ऐकू आला. "घेऊन टाक गे! तास मिळाला कीं झालें. त्यांत काय एवढें?" तुझं बरोबरच होतं. तुला काम झाल्याशी मतलब. पण मी ज्या बाईला बाहेर काढलं ती बाहेर आलीच नव्हती. तिच्या जिवावर मी पास व्हायचं? मी म्हटलं, सर्टिफिकेट नको, परीक्षा घ्या. हे आपलं शेवटचं भांडण, आणि हेही मीच जिंकले.

काल परीक्षा झाली. तुला धीर निघत नाही म्हणून आधीच सांगते, पास झाले. या शनिवारी तास आहे. वीटही आणली. तळाशी गेले तेव्हा या वेळी डोळे उघडे ठेवले होते. तळाशी विटेशिवाय काही नव्हतं.

आता पुढचं. ते काठावरच्या सगळ्यांनी पाहिलं, पण कळलं कुणालाच नाही.

बुडणारी म्हणून पंकजम तयार झाली होती. पोर भित्री, पण तुझ्यासाठी आली. परीक्षकांनी तिला सांगून ठेवलं होतं, की अंग सैल सोड, हलू नकोस, मामींना त्रास देऊ नकोस. ती पोहत खोल कडेला गेली आणि मी तिच्या मागून जाऊन हनुवटी धरली. तिनं डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. हलकी. अगदी हलकी, अक्का. हाताला काही म्हणता काही ओढ लागेना.

माझे पाय थांबले. मी तिला म्हटलं, "पंकजम, हात मार." ती हलली नाही, शहाण्या मुलीसारखी सांगितलेलं ऐकत होती. मी माझ्या त्या मोडक्या तमिळमध्ये, ज्याला तू पोट धरून हसायचीस, ओरडले, "अडी! अडी मला! मार!" काठावरून कुणीतरी काहीतरी म्हणालं. तिनं डोळे उघडले नाहीत. मग मी तिच्या दंडाला चिमटा घेतला. जोरात घेतला, रक्त साकळेल असा.

ती किंचाळली. घाबरून उलटली आणि माझ्या मानेला मिठी मारली. आम्ही दोघी खाली गेलो. तिनं माझी वेणी धरली, लाथ मारली, गळ्यावर नखं रुतवली. माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. त्या पाण्याखाली मला इतकं बरं वाटलं, की कुणाला सांगायची सोय नाही. मी तिला वर काढलं, तरी ती मारतच होती, आणि मी तिला म्हणत होते, "अजून. अजून मार."

काठावर आलो तेव्हा ती हुंदके देत होती. मी तिला पोटाशी धरून बसले. सेक्रेटरी वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, बुडणाऱ्याला शांत करायचं असतं."

मी म्हटलं, "नाही हो. शांत नाही होऊ द्यायचं."